पल्याडच्या वाडीचे अकरा अंगठे

"वरचं कोरं ठिऊन खालती अंगठे घेऊ नको, पोरी."

विमलबाई ज्वारी पाखडता पाखडता बोलली, सुपावरची नजर न उचलता. वनमालानं शाईची डबी पिशवीत टाकली, सात महिन्यांच्या कुमुदला काखोटीला मारलं आणि हसून म्हणाली, "आत्याबाई, हजेरी आहे ती. युवक मंडळाची. वाडीतल्या लोकांनी श्रमदान केलं, त्याची नोंद."

"मंग वरती तसं लिहून घे ना. तुले तं लिहिता येते."

"वरचा मजकूर तेलुगूत लागतो. हेमचंद्र भाऊजी आदिलाबादेहून टाइप करून आणणार आहेत."

"तुले वाचता येते थे तेलुगू?"

"न येऊ द्या. करणारे आपलेच लोक आहेत ना."

विमलबाईनं सूप असं झटकलं की कोंडा उंबऱ्यापर्यंत उडाला. "आपलेच हायेत म्हून तं सांगून राह्यली."

सासूबाईचं वय झालं, तिला सगळीकडे जुनी पाटीलकीच दिसते, असं मनाशी म्हणत वनमाला नाल्याची वाट चालू लागली.

वनमाला किनवटकडची, बी.ए. झालेली. तिला दिली राज्याच्या सीमेपलीकडे, तामसी मंडलातल्या लोणझरीला; मंडल म्हणजे तिकडचा तालुकाच. गाव सारं मराठी बोलणारं, पण कचेरीत पाऊल टाकलं की कागद तेलुगू. इथं जन्मलेल्यांनी शाळेत तेलुगू शिकून घेतलेली. वनमालाला ती अक्षरं गोल गोल जिलब्यांसारखी दिसत. तरी युवक मंडळानं तिला बायकांकडची चिटणीस केली, कारण तिचं मराठी अक्षर मोत्यांचं. अध्यक्ष हेमचंद्र, तिच्या नवऱ्याचा, सुधाकरचा चुलतभाऊ. उत्साही गडी. उन्हाळ्यात फाट्यावर पाण्याचे रांजण, ज्येष्ठात एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची छपरं शाकारणं, श्रावणात झाडं, आणि पोळा झाला की नाल्यात रेतीची पोती रचून बांध. चार वर्षं हे बिनबोभाट चाललेलं.

पोत्यांचा तो बांध म्हणजे पल्याडच्या वाडीची वाटच. वाडीत सहा घरं. त्यांचं रेशन, अंगणवाडी, लस टोचणारी सुईवाली बाई, सगळं अल्याड लोणझरीत. बांधावरून माणूस चपला हातात घेऊन दहा मिनिटांत गावात येई.

त्याच बांधावरून वाडीची म्हातारी बयनाबाई आली होती, कुमुद झाली तेव्हा. सव्वा महिना, एकही सकाळ न चुकता. पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालायची, वनमालाला शेकायची आणि वनमाला घाबरली की दटावायची, "पोट्टी शिंकली तरी रडतं काऊन गं तू? शिंकनारच. जिती हाय म्हून शिंकते."

वनमाला घाबरट होती खरी. त्यात त्या साली जिल्ह्याचे तुकडे पडत होते. नवे जिल्हे, नवी मंडलं. चावडीवर रोज नवा नकाशा. बातमी अशी की लोणझरी वाडीसकट तामसीतून काढून डोंगरापल्याडच्या नव्या मंडलात टाकणार. तिकडं ना बस ना धड रस्ता. श्रावणात कुमुदला ताप चढला होता, तेव्हा सकाळची बस धरून तासाभरात तिला आदिलाबादेला नेलं होतं. तेव्हापासून वनमालाचं एकच पालुपद. सुधाकर आदिलाबादेतल्या एका कचेरीत कारकून, तो घरी आला की ती म्हणे, "आपण तिकडं गेलो तर पोरीचं कसं व्हायचं? काही तरी करा ना तुम्ही."

तर त्या दिवशी ती नाल्यावर पोचली, तेव्हा पोरं मांडीभर पाण्यात पोती रचत होती. वाडीचा फकिरा काठावर कंबरेवर हात ठेवून उभा.

"वहिनी, याले बी हजेरी द्या," हेमचंद्र ओरडला, "सकाळपासून उभं राह्यचं काम करून राह्यला."

"अरे, म्या उभा हाय म्हून तं तुमची भिंत सरळ चालली," फकिरा म्हणाला. "नाही तं मांगच्या साली तुमी बांधली व्हती, मुंगूस बी घसरून पडत व्हतं तिच्यावरून."

पोरं हसली. वनमाला बांधावरून पलीकडे गेली. बयनाबाईनं आधी कुमुदला ओढून घेतलं, तिचे तळवे दाबून पाहिले, मग कागदाकडे बघितलं.

"हे काय आनलं?"

"हजेरी, बयनामाय. वाडीचे सगळे अंगठे लागतात."

"मंडळाचं काम हाय ना? मंग घे. येंदा छप्पर बी त्याहीनंच शाकारलं माह्यं. नाव नीट लिही मातर. बयनाबाई जौजे डोमाजी. बुढा मेला तरी नाव राहू दे त्याचं."

वनमालानं लिहिलं. पण म्हातारीचा अंगठा उमटेना. साठ वर्षं निंदण-वेचणी करून रेघा झिजून गेलेल्या. पहिला ठसा नुसता डाग, दुसराही तसाच.

"धर तूच," बयनाबाई म्हणाली. "दाब चांगला."

वनमालानं तिचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला आणि कागदावर दाबला. तिसऱ्या वेळी ठसा नीट उमटला. एकूण अकरा अंगठे झाले. वर वीतभर जागा कोरी.

दसऱ्याला नवे जिल्हे झाले. लोणझरी तामसीतच राहिली! डफडं वाजलं, पोरं नाचली, केशवराव पाटलानं हेमचंद्राच्या गळ्यात हार घातला. "मंडळानं गाव राखलं," असं ज्याच्या त्याच्या तोंडी. वनमालानं आपट्याची पानं सगळ्यांना वाटली, आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी ती निर्धास्त झोपली.

दिवाळी उलटली आणि एका दुपारी फकिरा दारात आला. रिकामी पिशवी खांद्यावर. थट्टेचं नाव नाही.

"रेशनवाल्यानं वापस धाडलं, बाई. म्हने तुमची वाडी पल्याडच्या मंडलात गेली. तांदूळ तिकडून आना. तिकडून म्हंजे डोंगराला वळसा घालून जा, दिवस मोडा."

"असं कसं? गाव तर इथंच राहिलं."

"गाव राह्यलं. वाडी गेली. अन् आमीच मागितलं म्हनते." त्यानं घडी घातलेली नक्कल पुढं केली. "पंचायतीत लावली होती. हे अक्षर तुमचंच हाय ना?"

कागदाच्या वरच्या भागात तेलुगूचा ठोकळा. खाली मोत्यांच्या अक्षरात अकरा नावं. बयनाबाई जौजे डोमाजी. शेजारी दोन डाग आणि तिसरा स्वच्छ ठसा.

वनमालाला तो ठोकळा वाचता येत नव्हता. सुधाकर संध्याकाळच्या बसनं येईपर्यंत तिनं कागद हातातून खाली ठेवला नाही. तो आला, हातपाय धुतले, टॉवेल घेतला.

"हे काय लिहिलं आहे, सांगा."

सुधाकर टॉवेलनं तोंड पुसत पुसत सांगू लागला. "आम्ही खाली अंगठे करणारे वाडीचे रहिवासी राजीखुशीनं लिहून देतो, की आमची शेतं नाल्यापलीकडची असल्यानं आमची वाडी लोणझरी मौजातून कमी करून नव्या मंडलात घेण्यास आमची हरकत नाही. नाला हीच सरहद्द धरावी…"

दुसऱ्या वाक्याला वनमालाच्या ध्यानात आलं. त्याच्या तोंडावर टॉवेल होता. कागद अजून तिच्याच हातात होता.

"तुम्हीच टाइप केला," ती म्हणाली.

सुधाकरनं टॉवेल दांडीवर टाकला. नीट, दोन्ही टोकं जुळवून. "कचेरीत सांगत होते, नाला सरहद्द धरली तर गाव वाचतं. नाही तर सगळंच जातं. सहा घरांसाठी दोनशे घरं घालवायची?"

"मग वाडीला तसं विचारायचं. तोंडावर विचारायचं!"

"विचारलं असतं तर हो म्हटले असते?"

"आणि मला?"

"तुलाच तर पोरीची काळजी होती. दिवसरात्र डोकं खाल्लंस. काही तरी करा, काही तरी करा. केलं." मग जरा मऊ होऊन तो म्हणाला, "कुमुदसाठीच केलं ना, वनू."

विमलबाई चुलीपाशी बसली होती. तिनं नुसतं लाकूड पुढं सारलं.

दुसऱ्या दिवशी वनमाला पारावर गेली. मंडळाची पोरं बसलेली.

"भाऊजी, हजेरी म्हणून घेतले होते ते अंगठे."

हेमचंद्र उठून उभा राहिला. तेवढा मान त्यानं ठेवला. "वहिनी, बसा. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला हिशेब कळतो. बुडत्या नावेतून कोणाला तरी…"

"कोणाला तरी म्हणजे जिला वाचता येत नाही तिला."

"तुमाले तरी कुठं येते?" मागून एक पोरगं बोललं आणि दोघं-तिघं फसकन हसले. हेमचंद्रानं त्यांना डोळे वटारले, पण त्याच्याही ओठाच्या कोपऱ्याला काही तरी हललंच.

वनमालानं शाईची डबी त्याच्यासमोर पारावर ठेवली आणि परतली. पुढच्या आठवड्यात कुमुदला काखेत घेऊन ती बसनं आदिलाबादेला गेली, स्वतःच्या हातानं दरखास्त लिहून. जिल्हा कचेरीतल्या साहेबानं ती सबंध वाचली. चांगला माणूस होता, पोरीसाठी पंखा वळवला. मग म्हणाला, "हरकतीची मुदत भादव्यातच संपली, अम्मा. आणि ह्या अर्जात असं म्हटलंय की अंगठे तुम्हीच घेतले. मग तक्रार कोणावर लिहू?"

राहिली बयनाबाई. तिच्याकडे जायला वनमालाला आणखी आठ दिवस लागले. पायलीभर ज्वारी घेऊन ती बांधावरून गेली. म्हातारी अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या मोडत बसलेली.

"बयनामाय, मला माहीत नव्हतं."

"मालूम हाय. फकिरा बोलला."

"मी कचेरीत जाऊन आले."

"थे बी बोलला." कडकन एक पऱ्हाटी मोडली. "माह्या अंगठा उमटत नव्हता. दोनदा नाही उमटला. तवाच सोडून द्यायचा व्हता तुवा."

कुमुदनं तिच्याकडे झेप घेतली, नेहमीसारखी. बयनाबाईचे हात अर्धवट वर आले. मग तिनं ते पदराला पुसले आणि पुन्हा पऱ्हाट्यांना लावले.

"जवारी घेऊन जाय. अन् पुन्हा इकडं येऊ नको. तुह्या राग नाही, पोरी. पन तुले पाह्यलं का मले माह्या हात दिसते."

वनमालानं ज्वारी उंबऱ्याशी ठेवली. दुसऱ्या सकाळी ती तिच्याच दारात होती. फकिरा आणून टाकून गेला होता.

पुढचा ज्येष्ठ आला. मंडळानं छपरं शाकारली, नाल्याच्या अल्याडची. मुंडाशी बांधून पोरांनी फोटो काढले. पोळा झाला, पण पोती रचली गेली नाहीत. "नाला आता हद्द हाय, वहिनी," हेमचंद्र समजावणीच्या सुरात म्हणाला, "दुसऱ्याच्या मंडलात आपल्याला काम दाखवता येत नाही." जुनी पोती पुरात फाटून वाहून गेली होती. वाडीतली घरं एकेक करून उठली. कोणी मुलीकडे, कोणी बाजारहत्नूरच्या नातलगांकडे. शेवटी फकिराही बायकोपोरांसकट भैंशाच्या जिनिंगवर गेला. जाताना सांगून गेला, "बुढीले लय म्हटलं चाल. म्हने, डोमाजीले इथंच जाळलं. म्या कुठी येऊ?"

आता वाडीत एकच घर. यंदाचा पाऊस पंधरा दिवस उघडलेला नाही; नाला काठ सोडून वावरात शिरला आहे आणि त्या छपरावर दोन सालांत कोणी गवताची काडी ठेवलेली नाही. वनमाला रोज सकाळी कुमुदचं बोट धरून काठापर्यंत जाते. पलीकडे पाहते. पाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही, आणि पोचली तरी ओ मिळायची नाही, हे तिला ठाऊक आहे. लोणझरीत तिचं बोलणं आता कोणी ऐकत नाही, सुधाकरही नाही. म्हणून डोंगराच्या बाजूला जाणारं कोणी बसफाट्यावर भेटलं की ती थांबवते. हे वाचणाऱ्यांतलं कोणी त्या अंगाला जाणार असेल, तर त्यालाही तिचं तेच सांगणं आहे:

"नव्या मंडलाच्या रस्त्यानं गेलात तर डोंगर उतरल्यावर डाव्या हाताला वळा. चिखल आहे, पण पायी जाता येतं. पाच पडकी घरं लागतील, सहावं तिचं. लांबूनच हाक मारा, बयनामाय म्हणून. तिला कमी ऐकू येतं, दोनदा मारा. बाहेर आली तर पाणी मागा, म्हणजे ती चालते-फिरते कशी ते कळेल. नाही आली, तर दार ढकलून आत जा. कोणी पाठवलं विचारलं तर माझं नाव घेऊ नका. पण जा. आजच्या आज जा."