रॉइस टॅकेटचा गुडघा

रॉइस टॅकेटचा गुडघा आमच्या कॉलेजात प्रत्येक खेळाडूने पाहिलाय. दर वर्षी सरावाच्या पहिल्या दिवशी हा ताडमाड कोच पोरांसमोर पँट वर सरकवतो आणि टाक्यांच्या व्रणांनी भरलेला गुडघा पुढे करतो.

"मोठ्या लीगमध्ये खेळत होतो. पाय सुजलेला. आमचा कोच वेन्डल म्हणाला, 'काही होत नाही, जा.' गेलो. त्यानंतर धड धावलो नाही." मग माझ्याकडे बोट. "ही आयव्हा. दुखापती ही बघणार. ही नाही म्हणाली, तर माझ्या बापाचंही चालायचं नाही."

दर वर्षी तेच भाषण. मला तोंडपाठ झालंय, पण ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आमचं हे केंटकीच्या डोंगरातलं कॉलेज. खाणी बंद पडल्यापासून गावाला बास्केटबॉल सोडून दुसरं काही उरलं नाही. त्यात यंदा आम्ही पहिल्यांदाच फायनलला पोचलेलो. आख्खं गाव निळे शर्ट घालून हजर.

एका गुणाने मागे होतो, वेळ संपत आलेली, आणि आमचा हुकमी खेळाडू कोल्बी स्लोन उडी मारून वाकडा पडला. गुडघा धरून कळवळला पोरगा. उन्हाळ्यात त्याला स्पेनच्या एका क्लबात चाचणीला जायचं होतं. त्याच गुडघ्यावर जायचं होतं ना!

शिट्टी वाजली. मी पिशवी उचलली, तोच रॉइसने मला हाताने अडवलं. त्याचं कारण मला ठाऊक होतं. मी तपासायला मैदानात पाऊल टाकलं, की त्या खेळाडूला बाहेर यावंच लागतं. टाइम-आउट घेऊन, म्हणजे खेळ जरा थांबवायला लावून, त्याला मैदानात ठेवता येतं, पण आमचे सगळे टाइम-आउट संपलेले.

"थांब गं," तो म्हणाला आणि कोल्बीकडे बघून ओरडला, "काही होत नाही, ऊठ! जा!"

मी गारच पडले. माझ्या कानांवर विश्वास बसेना. हा रॉइस? मी वळून त्याचं तोंड बघितलं. तो पोराकडे बघतच नव्हता, त्याची नजर घड्याळावर होती.

"अरे, काय बोलतोयस तू?" मी म्हटलं.

"आयव्हा, आत्ता नाही!"

मग माझं टाळकं सटकलं. त्याचा हात झटकला आणि सरळ आत गेले. पंचाने कोल्बीला बाहेर काढलं. आमच्याच लोकांनी मला अशा शिव्या घातल्या की माझी आई थडग्यात उठून बसली असेल. आम्ही त्याच एका गुणाने हरलो.

"तुम्ही माझी वाट लावलीत, मिस आयव्हा," कोल्बी रडत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पाद्रीबाईंनीसुद्धा मान फिरवली. सोमवारी डॉक्टरांचा निरोप आला. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं, नुसता मुका मार. खेळला असता तरी चाललं असतं. म्हटलं, झालं, आता गाव मला कच्ची खाणार आणि नोकरीही जाणार.

संध्याकाळी रॉइस माझ्या खोलीत आला आणि पट्ट्या बांधायच्या टेबलावर बसला.

"कळलं मला," मी आधीच सुरू केलं. "पाय ठणठणीत आहे. मी करंडक घालवला. काढून टाकायचं तर टाक, पण मला काही पस्तावा नाही. तुझे ते शब्द ऐकून मला काय वाटलं, ते मलाच ठाऊक!"

त्याने नेहमीसारखी पँट वर सरकवली, पण मला दाखवायला नाही. स्वतःच त्या गुडघ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"वेन्डलला मी जन्मभर शिव्या दिल्या," तो म्हणाला. "वाटायचं, राक्षस असणार तो. असं बोलायला काळीज दगडाचं लागत असणार." त्याचे डोळे भरून आले. "तसलं काही लागत नाही गं, आयव्हा. पोरगा मला दिसलाच नाही. शब्द आपोआप तोंडून निघाले."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याची पँट हळूच गुडघ्याखाली ओढली.