मागच्या अंगणाचा नकाशा

"हे माप चुकलंय," मी म्हटलं आणि चव्वेचाळीस खोडून एकेचाळीस केलं.

काउंटरपलीकडचा कोल्टर हसला. तिशीही न गाठलेला, टोपी उलटी घातलेला. "अहो, मी स्वतः टेप धरली होती."

"मधे लोंबली असणार. सगळ्यांचीच लोंबते."

"बघ!" त्याची बायको ब्रिन्ली म्हणाली. "ओरडून सांगत होते, ताणून धर, ताणून धर. ऐकेल तर शपथ."

टेप लोंबली असेलही. पण मला ते अंतर माहीत होतं. त्या कागदावरचा पत्ता तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझा होता. विक्री एजंटमार्फत झाली, या दोघांची न् माझी गाठ तेव्हा पडलीच नव्हती.

पाइप आणि स्प्रिंकलर आमच्या दुकानातून घेतले की हिरवळीचा नकाशा फुकट मिळतो. तो मी काढते, गेली सव्वीस वर्षं. आमच्या गावातल्या निम्म्या अंगणांतलं पाणी माझ्या पेन्सिलीने फिरतं म्हणा ना. मला स्वतःला आता हिरवळ नाही. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत आणि एक खुर्ची मावेल एवढी बाल्कनी. व्हर्ल, माझा नवरा, गेला आणि मी घर विकलं, तेव्हा चर्चमधल्या बायका कॅसरोल घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, रडून घे गं. मला रडू आलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल आपला वाटत नाही, तसं झालं होतं. ते अजून उतरलेलं नाही.

"मधलं झाड काढून टाकणार आहे," कोल्टर म्हणाला. "दोन वर्षांत एक फळ नाही. पोरांना खेळायला सलग हिरवळ पाहिजे. शनिवारी आमच्या चर्चच्या वॉर्डातले ब्रदर फावडी घेऊन येतायत चर खणायला. एकाकडे करवतही आहे."

"आणि कालव्याचा व्हॉल्व्ह?" मी विचारलं. पंधरा एप्रिलला कालव्याचं पाणी सुटतं. त्याआधी पाइप पुरून झाले पाहिजेत.

"त्याचं तर नावच काढू नका. कुठे पुरलाय देव जाणे. तीन खड्डे खणले."

"शेजारी विचारतात, कुत्रा पाळलाय का," ब्रिन्ली म्हणाली. "तसंही त्यांच्या लेखी आम्ही 'ऑलरेडांच्या घरातले'च. आमचं आडनाव कुणाला ठाऊक नाही."

माझ्या छातीवरच्या पट्टीवर नुसतं 'लारू' लिहिलेलं असतं. मी पट्टीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"झाड नकाशात बसवता आलं तर?" मी म्हटलं.

कोल्टरने खांदे उडवले. "बसलं तर राहू दे. आडवं आलं तर नाही."

तो जर्दाळू व्हर्लने लावला होता. आमच्याकडे जर्दाळू मार्चअखेर फुलतो आणि एप्रिलच्या हिमाने मार खातो. तीन वर्षांतून एकदा फळ आलं तर नशीब. व्हर्ल मात्र दर एप्रिलला शिडी लावून झाडावर नाताळचे जुने दिवे चढवायचा, तापणारे, मोठे. संध्याकाळी हिमाचा इशारा आला की जेवण अर्धवट टाकून दिवे लावायला पळायचा. "अरे, झाडाला सूप पाजतोयस का?" मी म्हणायची. तो म्हणायचा, "तू नकाशे काढ." शेवटचा एप्रिल तो दवाखान्यात होता. दिवे खोक्यात राहिले आणि फुलं काळी पडली. ती मी झाडली.

ते झाड तिथे उभं राहावं असं मला वाटत होतं. गेल्या तीन वर्षांत मला काही वाटलं असेल तर एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत सँडविच बाजूला सारून मी चौकटीचा कागद घेतला. आमच्या कामाचा नियम सोपा आहे: एका स्प्रिंकलरचं पाणी दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचलं पाहिजे. मधे झाड आलं की त्याच्यामागे कोरडी सावली पडते आणि रोजच्या माऱ्याने बुंधा कुजतो. म्हणून मी झाडाभोवती सहा फुटांचं आळं ठेवलं, चार स्प्रिंकलर त्याच्याकडे पाठ करून बसवले, आणि आळ्यात ठिबकची वेगळी नळी दिली. सामान फारसं वाढत नव्हतं. मालक रुलन मागून डोकावला. "एका झाडासाठी एवढी कसरत? तुझ्या नात्यातलं आहे का?"

"बसतंय ना? मग झालं."

गुरुवारी कोल्टरने नकाशा नेला. नेताना म्हणाला, "बसलं की! मग राहू दे बिचारं." त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मला सँडविचमधल्या मोहरीच्या सॉसची चव लागली.

शुक्रवारी दुपारी ब्रिन्ली एकटीच आली. बुटांना माती होती. तिने नकाशा काउंटरवर पसरला आणि लायलकच्या झुडपाजवळ बोट ठेवलं. तिथे मी एक छोटा चौकोन काढला होता. पायरीच्या कोपऱ्यापासून चार फूट दोन इंच.

"कोल्टरने इथे पहिलंच फावडं मारलं आणि ठण्ण वाजलं," ती म्हणाली. "व्हॉल्व्ह. आमच्या कागदावर तो नव्हता. आम्हालाच माहीत नव्हता."

मी त्या चौकोनाकडे पाहिलं. हाताने आपोआप काढला होता. सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकाने न सांगितलेली एक रेघ मी कधी ओढली नव्हती.

"त्या काळच्या घरांना तिथेच असतो," मी म्हटलं.

"शेजारच्यांना तिथे नाहीये. मी विचारून आले." तिने माझ्या पट्टीवरचं नाव वाचलं. "तुमचं आडनाव काय?"

खोटं सांगता आलं असतं. "ऑलरेड."

तिचे डोळे भरून आले. माझे नाही. "सिस्टर ऑलरेड, झाड आम्ही ठेवू हं. तुमच्यासाठी ठेवू. कोल्टर आज पुन्हा सलग हिरवळ म्हणायला लागलाय, पण मी बघते त्याच्याकडे. आणि तुम्ही येत जा ना, फुलं आली की. कधीही या."

मला तिचा राग आला नाही. पोरगी मनाने चांगली होती. पण क्षणात सगळं समोर दिसलं: हिमाचा इशारा आला की हिचा फोन येणार, मी दिव्यांचं खोकं घेऊन जाणार, कोल्टर शिडी धरणार, मग ती दोघं मला कोको पाजणार, आणि मी माझ्याच दारातून पाहुणी म्हणून बाहेर पडणार. झाड माझ्या नकाशात बसलं म्हणून राहिलं असतं तर मला हवं होतं. दया म्हणून नको होतं.

"काढून टाका," मी म्हटलं.

"पण तुम्हीच तर..."

"पोरांना खेळायला सलग जागा पाहिजे ना? झाड म्हातारं झालंय, आतून पोकळ आहे. मी ओढूनताणून बसवलं होतं. उद्या माणसं येतील, त्याआधी नवा नकाशा हवा. बस दहा मिनिटं."

ती बाकावर बसली आणि नाक पुसत राहिली. मी कोरा कागद घेतला. झाड नसलं की काम सोपं. ठिबक गेली, पाठ फिरवलेले चारही स्प्रिंकलर गेले, त्यांच्या जागी मधोमध एकच आला, पूर्ण गोल फिरणारा. समासात मी लिहिलं: बुंध्याच्या खड्ड्यात भरलेली माती दोन-तीन वर्षं खचत राहते. दर वसंतात थोडी टाकावी.

रुलनने खांद्यावरून वाचलं. "हे कशाला? आपलं काम पाण्याचं."

"राहू दे," मी म्हटलं, आणि मधल्या गोलासाठी कंपासचं टोक झाडाच्या जागी टेकवलं.