नाचघराच्या भिंतीवरची काच

मित्रांनो, मी चिंचवडमधलं एक जुनं नाचघर आहे. तुमचे आजोबा तरुण होते, तेव्हा इथल्या एका कंपनीने आपल्या क्लबासाठी मला बांधलं. माझी जमीन सागवानी फळ्यांची आहे. फळ्यांखाली मुद्दाम पोकळी ठेवली आहे. पाय आपटला की फळी किंचित दबते आणि गुडघ्याला हिसका बसत नाही. शनिवारी साहेबलोक जोडीजोडीने नाचत. कामगारांची पोरं खिडकीतून बघत आणि रखवालदार दिसला की पळत. पुढे कामगारांची संमेलनं माझ्यातच होऊ लागली, तेव्हा तीच पोरं मोठी होऊन आत आली आणि त्यांनी मला दणाणून सोडलं.

मग कंपनी बंद पडली. माझ्यात पुठ्ठ्याचे खोके रचले गेले. छत गळू लागलं, कोपऱ्यातल्या फळ्यांना वाळवी लागली. कुणी विचारलं नाही.

मला पुन्हा उघडलं आम्रपालीताईंनी. त्यांचे वडील याच कंपनीत होते. दिवसा त्या विम्याच्या कार्यालयात काम करतात, संध्याकाळी मुलींना नाच शिकवतात. कंपनीच्या पेंट शॉपमधून, म्हणजे रंगकामाच्या खात्यातून, निवृत्त झालेले जयसिंगकाका माझी देखभाल करू लागले. त्यांच्याइतकी माया मला कुणी लावली नाही. म्हणून पुढचं सांगताना जीव कासावीस होतो.

यंदा शेजारच्या प्लॉटवर उंच इमारतीसाठी खोल खड्डा खणला आणि माझ्या भिंतीला तडा गेला. इमारती तपासणाऱ्या रश्मीताई आल्या. त्यांनी तड्यावर काचेची एक पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं पक्की चिकटवली. काच ताणली जात नाही; भिंत केसभर सरकली तरी ती फुटते. ती अखंड राहिली, तर दसऱ्याचा मुलींचा कार्यक्रम माझ्यातच करायचा, असं ठरलं.

थोड्या दिवसांनी काच तडकली. माझी भिंत सरकत होती. पण मला वाचा कुठे आहे?

आमच्या भागात खंडेनवमीला कंपनीतली यंत्रं धुऊनपुसून पुजतात. जयसिंगकाका तशीच माझी पूजा करतात. आदल्या दिवशी झाडताना त्यांना ती तडकलेली काच दिसली; ती कशासाठी लावली आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"पूजेला फुटकी काच? न्हाई चालायची," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी तेवढ्याच मापाची नवी पट्टी कापून अगदी सरळ बसवली.

खंडेनवमीला रश्मीताई तपासायला आल्या. भिंतीला झेंडूची माळ होती, मुली तालमीला जमल्या होत्या.

"काच शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "उद्या करा कार्यक्रम."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या प्रत्येक टाळीने माझी भीती वाढत होती.

"शाबूत ऱ्हाणारच की!" पेढे पुढे करत जयसिंगकाका म्हणाले. "कालच नवी बसवली. जुनी तडकली व्हती."

पेढा रश्मीताईंच्या हातातच राहिला. "काका, मला कळवायचं ना!"

"आता फुटक्या काचंसाठी बी तुमास्नी फोन करायचा व्हय? आमी पेंट शॉपवालं. डाग दिसला की हात शिवशिवतो."

रश्मीताईंनी तडा मोजला. तो रुंदावला होता. "आम्रपालीताई, सगळ्यांना बाहेर काढा. आत्ता."

"अगं, उद्या कार्यक्रम आहे! पोरींनी वर्षभर घाम गाळलाय."

"ही भिंत आत पडू शकते, ताई."

आम्रपालीताई मुलींकडे वळल्या. मग म्हणाल्या, "चला गं, चपला हातात घ्या. उड्या मारायच्या नाहीत. आणि काका, तुम्हीही."

"पोरींच्या जिवावर बेतलं असतं माज्या हातनं," जयसिंगकाका म्हणाले. आम्रपालीताईंनी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं.

मित्रांनो, आता माझ्या दाराला कुलूप आहे. मुली सिमेंटच्या मैदानावर नाचल्या, त्यांचे गुडघे दुखले असतील. मला दुरुस्त करायचं की पाडायचं, हे अजून ठरलेलं नाही. रश्मीताईंनी तड्यावर आणखी एक काच लावली आहे. तुमची माया असेल, तर मला रंगवू नका, सजवू नका. रोज येऊन ती काच बघा. आणि ती फुटली, तर तिला तशीच राहू द्या. मला बोलायला तेवढंच तोंड आहे.