माझी मुले, माझे मुलगे

वकीलबाईंनी तिच्या दिवंगत वडिलांच्या दस्ताचं तिसरं पान तिच्यापुढे सरकवलं आणि पेन्सिलीच्या टोकाने एका ओळीवर टिचकी मारली.

“आपली सगळी भिस्त हिच्यावर, ताई.”

छापखाना आणि त्यावरचं घर कुटुंबाच्या ट्रस्टकडे राहील आणि ‘माझी मुले’ समान वाटेकरी असतील, असं त्या ओळीत टाइप केलेलं होतं. मुले म्हणजे दोन भाऊ आणि ही. पण कोणीतरी पेनाने ते दोन शब्द खोडून वर ‘माझे मुलगे’ केलं होतं, आणि तेवढ्याने ही घराबाहेर. शेजारी सही नव्हती, तारीख नव्हती.

बाकीचे मार्ग वकीलबाईंनी आधीच तपासले होते. वडील भ्रमिष्ट झाले होते म्हणावं, तर डॉक्टरांचा दाखला आडवा येत होता. भावांनी दबाव आणला म्हणावं, तर साक्षीला कोणी नव्हतं. भावांकडेच, म्हणजे विश्वस्तांकडे, विनंतीअर्ज करता आला असता. पण ते तोंड वेंगाडणं झालं, आणि देणं न देणं त्यांच्या मर्जीवर. राहिली ही दुरुस्ती. दस्त वर्षभर थोरल्याच्या कपाटात होता. सही झाल्यावर कोणीतरी हे घुसडलं, असं म्हटलं की काम फत्ते. हिने फक्त प्रतिज्ञापत्र द्यायचं की हे अक्षर वडिलांचं नाही. पाच-सहा अक्षरांवरून हात ओळखणार कोण?

तिला ते पटलं होतं, खरं तर हायसं वाटलं होतं. ‘बाबांनी मला काढलं’ हे दोन महिने तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. ‘दादाने काढलं’ हे सोपं होतं. दादाचा राग तिला लहानपणापासून येत होता, त्याची सवय होती.

तिने पेनाचं टोपण काढलं. पण वाचल्याशिवाय सही करणं तिच्या रक्तातच नव्हतं. सव्वीस वर्षं बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसून तिने प्रुफं तपासली होती आणि त्याच छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्यांत दिवस काढले होते. प्रतिज्ञापत्र वाचून झालं तसा तिने दस्तही पुढे ओढला. तिसरं पान संपवून चौथं उलटलं.

चौथ्या पानावर, वरून सहाव्या ओळीत तिचं बोट थांबलं.

“काय झालं?” वकीलबाईंनी विचारलं.

‘ती हयात असेपर्यंत त्यांना घरात राहता येईल’, असं वाक्य होतं. ती, म्हणजे मुले. त्या ‘ती’ची वेलांटी बारीक रेघेने खोडली होती आणि वर एक मात्रा दिली होती. ते हयात असेपर्यंत. ते, म्हणजे मुलगे.

तिने ते वकीलबाईंना दाखवलं. वकीलबाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. त्यांच्या नजरेतून ते निसटलं होतं.

“असेल. त्याचं काय एवढं?”

“दादाने केलं असतं तर तो तिसऱ्या पानावर थांबला असता. पान उलटून सर्वनाम कोण बघतं?” ती म्हणाली. “हे बाबांचंच काम आहे. मला काढल्यावर वाक्य चुकीचं राहू नये म्हणून पुढचंही नीट करून ठेवलंय.”

तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. तिने पदराने ते पुसले, लपवले नाहीत. वकीलबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मग आवाज उतरवून त्यांनी समजावलं की ही खूण तिच्याशिवाय कोणाला कळायची नाही, भावांनाही नाही, आणि इथे सही केली नाही तर त्या दोन खोल्याही जातील.

“कोर्टात व्याकरण कोण बघतंय, ताई?”

“मी बघितलं ना.”

तिने पेनाला टोपण लावलं आणि प्रतिज्ञापत्र परत केलं. तोंड वेंगाडायचं तर वेंगाडू, विनंतीअर्जच करा म्हणाली. वकीलबाईंनी नाइलाजाने कोरा कागद घेतला. अर्जात आधी वस्तुस्थिती सांगावी लागते, काय लिहू, असं त्यांनी विचारलं.

“लिहा, माझ्या वडिलांनी मला वगळलं.” वकीलबाईंचं पेन थांबलं तेव्हा तिने पुढचं सांगितलं. “पूर्ण शुद्धीवर असताना.”