सतराव्या हालचालीतला थांबा

आधी चिगाँग या चिनी व्यायामाचे श्वास, मग ताय चीच्या संथ हालचाली, हे मी अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. त्याआधी बारा वर्षं शिकलो, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मास्तरांकडे. ते बोलायचे कमी, करून दाखवायचे. सतराव्या हालचालीत डावा पाय पुढे टाकला की भार वाकलेल्या उजव्या पायावर ठेवून ते दोन श्वास थांबत. मी तो थांबा जसाच्या तसा उचलला.

पुढे तीच आमच्या वर्गाची ओळख झाली. ‘इथे शक्ती साठते’ असं मी खुशाल ठोकून द्यायचो. न थांबणाऱ्या दुसऱ्या वर्गांच्या नावाने आम्ही नाकं मुरडायचो. वर्गातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी तीनदा सांगितलं, उजवा गुडघा दुखतो. मी तिन्ही वेळा म्हणालो, सराव कमी पडतोय.

मास्तर गेल्यानंतर त्यांची मुलगी एकदा वर्ग बघायला आली. सतरावी हालचाल आली आणि ती खुदकन हसली.

“दादा, अगदी बाबांसारखं थांबता हो! शिडीवरून पडल्यापासून त्यांचा डावा पाय भार घेईना. मग जरा थांबून, दात-ओठ खाऊन पुढे जायचे.”

“कधी पडले?”

“तुम्ही यायच्या आदल्या वर्षी.”

म्हणजे अठ्ठावीस वर्षं मी धडधाकट माणसांना लंगडायला शिकवत होतो! हसावं की रडावं कळेना. गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण समोर नर्सबाई भिंतीला टेकून गुडघा चोळत होत्या. मला स्वतःचीच लाज वाटली.

“ऐका,” मी सगळ्यांना म्हणालो. “तो थांबा म्हणजे मास्तरांचं दुखणं होतं. मी न विचारता तुमच्या गळ्यात मारलं. आजपासून बंद.”

“मी तीनदा सांगितलं होतं, सर,” नर्सबाई म्हणाल्या.

“सांगितलं होतंत. मीच शहाणा. माफ करा.”

पुन्हा सुरुवात केली. सगळे न अडता पुढे गेले, नर्सबाईसुद्धा. मी मात्र सतरावीला थांबलो. दुसऱ्यांदाही थांबलो, तिसऱ्यांदाही. पाय ऐकेचना.

“सर, या माझ्या मागे,” नर्सबाई म्हणाल्या.

मी निमूट मागच्या ओळीत जाऊन उभा राहिलो. सतरावी आली. त्यांचा पाय पडला, भार पुढे गेला. मला मास्तरांची फार आठवण आली. मग मीही भार पुढे टाकला.