भावसिंगची साक्ष

"बाई, ते सुई खाली ठेवा," फुलचंद म्हणाला. तेलाने ओलं झालेलं त्याचं बोट अजून भावसिंगच्या कपाळावर होतं. "त्यानं प्रभूले शब्द देला हाये. तुमी मोडू नोका."

कोकिळेने सुई खाली ठेवली नाही, पण टोचलीही नाही. फुलसावंगीच्या मिशन दवाखान्यात ती नर्स होती. गावातली निम्मी लेकरं तिच्या हाताखालून गेली होती, आणि घरात तिचा नवरा भावसिंग न्यूमोनियाने धापा टाकत होता.

दोघंही ख्रिस्तीच. लग्न मिशनच्या देवळात लागलं होतं. पण साठ साली भावसिंग फुलचंदच्या नव्या मंडळीत जाऊ लागला. पैनगंगेत पूर्ण बुडी घेऊन त्याने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. ही मंडळी औषध घेत नसे. बरं करणारा प्रभू असताना बाटली कशाला, असं मंडळीचं म्हणणं. औषधही त्यानेच दिलं, असं कोकिळेला वाटे. वाद होत. मग दोघं एकाच चुलीपुढे बसून आपापली प्रार्थना करत.

सकाळी तो शुद्धीवर असताना तिने हात जोडले होते. "एक डाव घ्या. माह्यासाठी."

"मले भेव वाटते कोकिळे," तो म्हणाला होता. "मराचं नाही. शब्द मोडाचं."

आता दुपार कलली होती. त्याची नखं निळसर दिसू लागली. हाक मारली तरी पापणी हलेना. अंगणात मंडळीतली माणसं मोठ्याने प्रार्थना करत होती. कोकिळाही मनात तेच करत होती, पण नेमकं काय मागावं ते तिला सुचेना. त्याचा श्वास अडखळला. तिने चादर सारली आणि सुई टोचली.

"काय केलं बाई हे," फुलचंद पुटपुटला. पण तो उठून गेला नाही. उशाशी प्रार्थना करत बसून राहिला.

ताप उतरला. भावसिंग उठून बसू लागला, तसा फुलचंदला हर्ष झाला. "रविवारी साक्ष दे भाऊ, प्रभूनं बरं केलं म्हणून," तो सांगून गेला. सुईचा विषय त्याने काढला नाही. कोकिळा मात्र वाट पाहत होती. भावसिंग विचारील, आज नाही तर उद्या.

शनिवारी त्याने विचारलं. "मले सुई देलती काय?"

"देलती. तुमी शुद्धीत नव्हते."

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

रविवारी ती देवळात गेली नाही, ओसरीवर बसून राहिली. फुलचंदचं अंगण गल्लीपलीकडेच होतं. भावसिंगचा अशक्त आवाज आला. "तुमी प्रार्थना केली. माह्या बायकोनं सुई देली. मी कशानं वाचलो, देवाले ठाऊक. लबाड साक्ष मी देत नाही."

मग भिंतीला धरत तो घरी आला.

"प्रभूभोजनाले बसू नोको म्हणते फुलचंद," तो म्हणाला. "बायकोनं पाप केलं असं बोलशीन, तवा ये म्हणते."

"मंग?"

"मले नाही बोलता आलं तसं."

पलीकडे गाणं सुरू झालं. कोकिळा सरकली, सावलीत त्याला जागा केली. भावसिंग बसला. त्याचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. आवाज मात्र त्याने बाहेर येऊ दिला नाही.