तंजावूरच्या पीटी टीचर

"पीटी टीचर तेवढे या वर्षी कायम करता येतील," सचिव म्हणाले. "चित्रकला, शिवण, संगीत यांचं पुढे बघू. बजेटमध्ये एवढीच जागा निघते. मान्य असेल तर आज संध्याकाळी धरणं उठवा."

चेन्नईच्या सचिवालयातली ती खोली थंडगार होती. अर्धवेळ शिक्षकांच्या संघटनेचे अध्यक्ष नटराज संगीत शिकवायचे. त्यांच्या शेजारी बसलेली अलमेलु चित्रकला शिकवायची. शिष्टमंडळात पीटीची अशी वत्सला एकटीच होती, आणि एकेक करून सगळे तिच्याकडे पाहू लागले. अलमेलुनं मात्र पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

"थोडा वेळ द्या, सार," वत्सला म्हणाली.

तंजावूरहून थोड्या अंतरावर, कालव्याकाठच्या एका सरकारी शाळेत ती नोकरीला होती. नेमणूक आठवड्यातल्या तीन अर्ध्या दिवसांची. जायची मात्र रोज. भाताच्या शेतांतून वाट काढत येणाऱ्या मुलींना तिनं कबड्डी शिकवली होती. आधी त्यांच्या आयांना शिकवावं लागलं, की मुलीनं चड्डी घालून मैदानात उतरण्यात काही वावगं नाही. तिच्या मुली जिल्ह्यात खेळल्या, दोघीजणी पोलिसात लागल्या. त्या कायम झाल्या. टीचर तेवढ्या कंत्राटीच राहिल्या. मे महिन्यात शाळा बंद म्हणून पगारही बंद.

बाहेरच्या व्हरांड्यात अलमेलुनं तिचा हात धरला.

"घे, अक्का. आमचा विचार करू नको. तुझ्या अप्पांचं वय झालंय."

वत्सलानं घरी फोन लावला. तिचे वडील राममूर्तीराव ट्रेझरीतून निवृत्त झालेले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचं. घरात तिथली जुन्या वळणाची मराठी, बाहेर तमिळ.

"काय म्हणितलें त्यांनी?" फोन उचलता उचलताच त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

"म्हणजे तुज कायम करतात?"

"मज करतात, अप्पा. अलमेलुस नाही. नटराज सारांसही नाही."



"घे गे बाळ," ते म्हणाले. "मी आहें तोंवर जाहलें तर पाहीन तरी."

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि पदरानं तोंड पुसलं. मग नटराजना म्हणाली, "सार, मी एकटी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. बाहेर माझ्यासारखे किती पीटी टीचर बसलेत. त्यांना विचारायला हवं."

धरण्याची जागा तिथून जवळच होती. मार्चातलं ऊन, वर कापडी मांडव, खाली सतरंज्या. राज्यभरातून आलेले शिक्षक विषयाविषयानं बसले होते. वत्सला माइकजवळ गेली. मैदानावर गरजणारा तिचा आवाज आज जरा कापला.

"सरकार पीटीवाल्यांना कायम करायला तयार आहे. फक्त पीटीवाल्यांना. माझ्या घरी याची गरज आहे, तुमच्याही आहे. पण आपल्याला एकाच जाहिरातीनं, एकाच मुलाखतीनं घेतलं होतं. इतरांना मागे ठेवून मी हो म्हणायला जाणार नाही. तुम्ही म्हणाल तर मी बाजूला होते, दुसऱ्या कोणाला पाठवा. तुमच्यावर माझा राग नसेल."

मांडवात कुजबुज उठली. मागून एक तरुण ओरडला, "आमच्या पोटावर पाय कशाला देता, मॅडम?" त्याला कोणी गप्प केलं नाही. वत्सलानंही केलं नाही. तो बोलत होता ते खरंच होतं.

मग तिरुवैयारुचे कृष्णमूर्ती उठले. पीटीवाल्यांतले सगळ्यांत जुने, दोन वर्षांनी निवृत्त होणारे. कायम होण्याची ही त्यांची शेवटची संधी होती. त्यांनी आपली पिशवी उचलली, पाण्याची बाटली उचलली, आणि सावकाश चालत जाऊन शिवणकामाच्या बायका बसल्या होत्या तिथे सतरंजीच्या कडेला बसले. थोड्या वेळानं दुसरा उठला. मग चार-पाच जणी. मघाचा तरुण बराच वेळ मान खाली घालून बसला होता. शेवटी तोही उठून तिकडे जाऊन बसला.

वत्सला परत सचिवांकडे गेली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज कापत नव्हता. "सगळ्यांना घ्या, सार. थोडं थोडं द्या, पण सगळ्यांना द्या."

सचिवांनी चष्मा काढला. "संधी गमावताय, मॅडम."

"हो, सार."

बजेटच्या दिवशी राममूर्तीराव सकाळपासून टीव्हीसमोर बसले होते. कायम करण्याबद्दल एकच वाक्य आलं: समिती नेमली जाईल. पण पुढे मंत्र्यांनी आणखी वाचलं. सर्व अर्धवेळ शिक्षकांना मे महिन्याचाही पगार, आणि बाळंतपणाची पगारी रजा. बाजूच्या खोलीत वत्सलाचा फोन वाजायचा थांबेना. पलीकडून अलमेलु एकाच वेळी रडत होती आणि हसत होती.

वत्सला वडिलांपुढे येऊन बसली. "कायम नाही जाहलें, अप्पा."

"ऐकिलें मी." त्यांनी टीव्ही बंद केला. "मी सगळी नोकरी कायम होतों. दुसऱ्यासाठी नको म्हणायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. आली असती तर म्हणितलें असतें की काय, ठाऊक नाही मज." थोडं थांबून ते म्हणाले, "चल, जेवून घे. रसम निवतें."

सोमवारी, तिला न सांगता, त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि टाउन बस पकडली. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा पीटीचा तास चालू होता. धुळीत मुली पाय रोवून उभ्या होत्या आणि मध्ये वत्सला, साडीवर ढगळ शर्ट चढवलेली, शिटी तोंडात.

"कोणाला भेटायचंय, पेरियवर?" वॉचमननं वयाचा मान ठेवून विचारलं.

"कोणासही नाही," राममूर्तीराव तमिळमध्ये म्हणाले. "त्या पीटी टीचर आहेत ना, त्यांचा बाप मी."

वॉचमन धावत जाऊन खुर्ची घेऊन आला. तास संपेपर्यंत राममूर्तीराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उन्हात उभेच राहिले.